गाडीचा हॉर्न बदलताना कायदा काय पाहतो

कराडच्या एका तरुणाने विचारलं आहे: "आठ वर्षं जुनी हॅचबॅक सेकंड हँड घेतली. कामासाठी वरचेवर कुंभार्ली घाटातून चिपळूणला जावं लागतं. हॉर्न इतका बारीक आहे की वळणावर समोरच्या ट्रकवाल्याला ऐकूच जात नाही. दुकानदाराने तीन प्रकार दाखवले: दोन हॉर्नची जोडी, कॉम्प्रेसरवाला प्रेशर हॉर्न आणि अठरा ट्यूनचा म्युझिकल हॉर्न. यातला कुठला कायद्यात बसतो? आरसीवर नोंद करावी लागते का? पकडलं तर दंड किती? इन्शुरन्सला अडचण येते का?"

मोटार वाहन निरीक्षक म्हणून माझी बरीचशी नोकरी सातारा आणि सांगली जिल्ह्यांत झाली. पासिंगला आलेल्या गाड्यांचे हॉर्न वाजवून पाहणं हा रोजच्या कामाचाच भाग होता. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. चांगल्या कंपनीची, तुमच्या गाडीला साजेशी हाय-लो जोडी, म्हणजे एक उंच आणि एक खालच्या सुराचा हॉर्न, खुशाल बसवा. प्रेशर हॉर्न आणि म्युझिकल हॉर्न, दोन्ही बसवू नका. आणि पैसे खर्च करण्याआधी मूळ हॉर्न बारीक का झाला ते तपासून घ्या, कारण आठ वर्षांच्या गाडीत दोष बहुतेक वेळा हॉर्नचा नसतो, वायरिंगचा असतो. त्याबद्दल पुढे लिहितोच.

हॉर्नचा मूळ नियम म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११९. त्याचे तीन भाग आहेत. पहिला भाग सांगतो की प्रत्येक गाडीला हॉर्न हवाच. तो आयएस १८८४ या भारतीय मानकाप्रमाणे हवा, आणि गाडी येते आहे किंवा कुठे आहे याची पुरेशी सूचना त्यातून मिळायला हवी. १ जानेवारी २००३ पासून हॉर्न गाडीवर कसा बसवलेला असावा यासाठी एआयएस ०१४ हे मानकही लागू झालं. म्हणजे तुमचा आत्ताचा बारीक हॉर्न हीसुद्धा नियमातली उणीवच आहे. "आवाज कमी आहे, म्हणजे मी सभ्य आहे" असं काही कायदा मानत नाही. पासिंगला हॉर्न न वाजणारी किंवा जेमतेम कुरकुरणारी गाडी आम्ही परत पाठवत असू, ती याच नियमावर.

दुसरा भाग तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी जातो. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न कोणत्याही गाडीला बसवता येणार नाही. त्याचबरोबर अवाजवी कर्कश, तीक्ष्ण, मोठा किंवा दचकवणारा आवाज करणारं दुसरं कोणतंही साधनही बसवता येणार नाही. यातला 'बसवणं' हा शब्द नीट लक्षात घ्या. नियमाचा हा भाग वाजवण्याबद्दल बोलतच नाही. माझ्यासमोर कितीतरी जणांनी सांगितलं असेल, "साहेब, नुसता लावलाय, बटण बंद आहे, घाटाशिवाय वाजवत नाही." ते खरं असेलही. पण डॅशबोर्डखाली वेगळं बटण आणि बंपरमागे पाच तुताऱ्या दिसल्या की नियम तिथेच मोडलेला असतो. बटण बंद असल्याने फार तर दुसरं एक कलम टळतं.

आता तुमच्या मनात शंका येईल की मग हाय-लो जोडी कशी चालते, तिच्यातही दोन सूर असतात की! असतात, पण ते एकाच वेळी वाजतात. एका हॉर्नची पट्टी साधारण ४०० हर्ट्झच्या आसपास असते, दुसऱ्याची ५०० च्या आसपास, आणि दोन्ही मिळून एकच भरीव, सलग आवाज येतो. बटण दाबून ठेवलं तर तो पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत तसाच राहतो. कितीतरी गाड्यांच्या वरच्या मॉडेलला कंपनीच अशी जोडी बसवून देते. नियमाने मनाई केली आहे ती सुरांच्या मालिकेला. बटण दाबल्यावर आवाज बदलत जात असेल, म्हणजे सनई वाजते, बाळ रडतं, कुत्रा भुंकतो किंवा एखादी धून वाजते, तर तो हॉर्न बेकायदेशीर. दुकानात उभं राहून हीच परीक्षा करा. बटण पाच सेकंद दाबून धरा. आवाज सरळ रेषेत राहिला तर पुढे बोला, वरखाली झाला तर तो हॉर्न तिथेच ठेवून या.

या नियमामागचं कारण मला अगदी मनापासून पटतं, आणि घाटात गाडी चालवणाऱ्यालाही ते पटावं. कुंभार्लीत पावसाळ्यात धुकं उतरतं तेव्हा समोरची गाडी आधी ऐकू येते आणि मग दिसते. त्या क्षणी ऐकणाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: हा हॉर्न आहे, तो कोणत्या बाजूने येतो आहे, आणि साधारण किती जवळ आहे. सलग, एकसारख्या आवाजातून कानाला हे चटकन कळतं. धून वाजली तर ट्रकवाल्याला आधी ती कुठे वाजते आहे, आपल्याच केबिनमध्ये की बाहेर, याचा अंदाज घ्यावा लागतो. प्रेशर हॉर्नचं वेगळं. तो ऐकला की माणूस समोरून ट्रक किंवा एसटी येते आहे असं धरून चालतो आणि गाडी पार कडेला घेतो. घाटात ती कडा कुठल्या बाजूला असेल ते सांगता येत नाही. मोटरसायकलवाला तर दचकून हँडलच सोडतो. पाटणच्या पुढे वळणावर हॉर्नला दचकून घसरलेल्या दुचाकीचे पंचनामे मी वाचलेले आहेत, आणि त्यात हॉर्न वाजवणारी गाडी कधीच थांबलेली नसते.

नियमाचा तिसरा भाग म्हणजे अपवाद. रुग्णवाहिका, अग्निशमन दल, बचावकार्याची वाहनं, कर्तव्यावरचे पोलीस, मोटार वाहन विभागाचे अधिकारी आणि बांधकामाची यंत्रं, एवढ्यांनाच वेगळे ध्वनिसंकेत वापरता येतात. तेही ज्या कार्यालयाच्या हद्दीत ते वाहन असतं तिथल्या नोंदणी प्राधिकाऱ्याने मंजूर केलेले. खासगी गाडीला सायरन बसवण्याची सोय कायद्यात कुठेही नाही, मग ती गाडी कोणाचीही असो. गावातल्या आजाऱ्यांना मिरजेच्या दवाखान्यात पोचवणारे भले लोक मला माहीत आहेत. त्यांचं काम मोठं आहे. पण त्यासाठी सायरन हवा असेल तर गाडीची रुग्णवाहिका म्हणून नोंदणी करून घ्यावी लागते. नाहीतर खऱ्या रुग्णवाहिकेलाही लोक वाट देईनासे होतात, आणि रुग्णवाहिकेची वाट अडवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई खाली १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकेल असा गुन्हा आहे.

मध्यंतरी हॉर्नमध्ये तबला, बासरी अशा भारतीय वाद्यांचे आवाज असावेत, असा विचार केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये जाहीरपणे मांडला होता. तेव्हापासून काही दुकानदार "आता म्युझिकलला परवानगी आहे" असं बेधडक सांगतात. भाषणाने नियम बदलत नाही. राजपत्रात अधिसूचना निघते तेव्हाच तो बदलतो, आणि तोवर नियम ११९ जसा आहे तसाच लागू आहे.

आवाज किती असावा याचेही आकडे आहेत. कारसारख्या चारचाकीच्या पुढे ७ मीटरवर मोजला तर आवाज ९३ ते ११२ डेसिबलच्या दरम्यान हवा. कमीत कमी आणि जास्तीत जास्त, दोन्ही मर्यादा आहेत. दुकानातल्या खोक्यांवर मात्र "१५० डेसिबल", "३०० डेसिबल" असं काहीही छापलेलं असतं आणि किती अंतरावर ते लिहिलेलंच नसतं. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. त्या हिशेबाने २ मीटरवर ११८ डेसिबल देणारा हॉर्न ७ मीटरवर १०७ च्या आसपास येतो, म्हणजे मर्यादेत आरामात बसतो. म्हणून ज्या खोक्यावर डेसिबलसोबत अंतर लिहिलेलं आहे आणि आकडा असा शहाणपणाचा आहे, तोच माल विश्वासाचा. हॉर्नच्या अंगावर कंपनीचं नाव, १२ व्होल्ट, किती अँपिअर आणि आयएस १८८४ चा उल्लेख आहे का तेही पाहा. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल नंबर लिहून घ्या.

आरसीवर नोंद लागत नाही. कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानेही के. जयचंद्र यांच्या प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. पण हॉर्नचा तपशील आरसीवर नसतोच. तिथे इंजिन, चासी, इंधन, बॉडी, रंग, आसनं या गोष्टी असतात. मानकात बसणाऱ्या हॉर्नच्या जागी मानकात बसणारा दुसरा हॉर्न आला तर तो बॅटरी किंवा वायपर बदलण्यासारखाच बदल. त्यासाठी कोणी एजंट "एंट्री करून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

दंडाबद्दल लोकांचा गोंधळ होतो, कारण हॉर्नसाठी एकच कलम नाही. तीन वेगळ्या गोष्टींसाठी तीन वेगळी कलमं लागू शकतात.

विनाकारण, सतत किंवा गरजेपेक्षा जास्त हॉर्न वाजवणं, किंवा हॉर्न वाजवू नका असा फलक असलेल्या ठिकाणी वाजवणं, हे कलम १९४-एफ. पहिल्या वेळी १,००० रुपये, पुढच्या प्रत्येक वेळी २,०००. इथे हॉर्न कंपनीचा आहे की बाहेरचा याला महत्त्व नाही. पोवई नाक्यावर सिग्नल सुटायच्या आधीच मागून दाबून धरणारा माणूस मूळ हॉर्ननेही या कलमात सापडतो.

आवाजाच्या नियंत्रणासाठी ठरवलेली मानकं मोडणारी गाडी रस्त्यावर आणणं, हे कलम १९०(२). हे खरं जड कलम. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्स अपात्र. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला दहा हजारांपेक्षा हे तीन महिने महाग पडतात. कलमाचे शब्द "चालवतो किंवा चालवू देतो" असे आहेत, म्हणजे गाडी ड्रायव्हरच्या हातात असली तरी मालक सुटत नाही.

तिसरं कलम १८२-अ(४). नियमात न बसणारे भाग गाडीला बाहेरून बसवणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हॉर्नबरोबर सायलेन्सरही बदललेला असेल तर ते दोन बदल धरले जातात.

ही सगळी कायद्यातली मर्यादा झाली. जागेवर तडजोड शुल्क म्हणून किती घ्यायचं ते कलम २०० खाली राज्य सरकार ठरवतं. महाराष्ट्रात वाढीव शुल्क डिसेंबर २०२१ पासून लागू झालं. चलनावर कलम कोणतं टाकलं आहे ते आधी पाहा, रक्कम त्यावर ठरते. नियमबाह्य हॉर्न बऱ्याचदा जागेवरच काढून घेतला जातो, आणि त्यासाठी दिलेले पैसे अर्थातच बुडतात.

तुमची गाडी सेकंड हँड आहे म्हणून एक गोष्ट खास सांगतो. आधीच्या मालकाने काही बसवून ठेवलं आहे का ते स्वतः खाली वाकून पाहा. पुढचा ग्रिल, रेडिएटरच्या बाजू, बंपरचा आतला भाग, आणि स्टिअरिंगखाली एखादं मोकळं बटण किंवा टेपने गुंडाळलेली वायर. रिव्हर्स गिअर टाकल्यावर गाणं वाजत असेल तर तेही काढा. साधा टूं-टूं बीप चालतो, गाणं म्हणजे पुन्हा सुरांची मालिकाच. "मी नाही बसवला, असाच मिळाला" हे उत्तर रस्त्यावर चालत नाही, कारण १९०(२) आज गाडी कोण चालवतो आहे ते पाहतं.

आता मूळ हॉर्न बारीक का झाला त्याकडे वळू. यावर वेळ घालवा, कारण कदाचित तुमचं काम शंभर-दोनशे रुपयांत होईल.

एका चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा आणि त्याला आधी हॉर्नचा कपलर काढून, फ्यूज असलेल्या जाड वायरने हॉर्न थेट बॅटरीवर वाजवायला सांगा. मोठा आवाज आला तर हॉर्न ठणठणीत आहे, वीज वाटेत अडते आहे. मग मल्टिमीटर लावून हॉर्न वाजत असताना त्याच्या टर्मिनलवर किती व्होल्ट येतात ते बघायचं. इंजिन चालू असताना बॅटरीवर तेरा-चौदा असतील आणि हॉर्नवर नऊ-दहाच पोचत असतील, तर मधले तीन-चार व्होल्ट गंजात जातात. बहुतेक वेळा हा गंज अर्थच्या बोल्टखाली सापडतो. हॉर्नचा पत्रा जिथे बॉडीला आवळलेला असतो तिथे पांढरट-हिरवट थर साचतो. कोयनेच्या पट्ट्यात जिथे चार महिने पाऊस हटत नाही, तिथल्या गाड्यांत तर हे हमखास. बोल्ट काढायचा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासायचा, रिंग टर्मिनल नवं लावायचं, वर ग्रीसचा हात फिरवायचा. कित्येक हॉर्न एवढ्यानेच पुन्हा खणखणीत वाजतात.

थेट बॅटरीवरही आवाज फाटका आला तर हॉर्नमध्येच दोष. पाठीमागे लाखेने किंवा रंगाने बंद केलेला छोटा स्क्रू असतो. तो थोडासाच, पाव आट्याच्या आत, इकडेतिकडे फिरवून आतले पॉइंट जुळवता येतात. जास्त फिरवला की आवाज बंदच पडतो. डायफ्रामला गंज चढलेला असेल, किंवा वॉशिंगच्या प्रेशरने आत पाणी गेलेलं असेल, तर मात्र नवीन घ्या.

नवीन जोडी बसवताना दोन गोष्टींवर तडजोड नको. पहिली म्हणजे रिले, म्हणजे बटणाच्या थोड्या करंटवर हॉर्नचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. मूळ वायर एका हॉर्नच्या हिशेबाची असते, जोडी तिच्यापेक्षा जास्त करंट ओढते. चार पायांचा रिले लावायचा: ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी वायर, ८७ वरून हॉर्न, आणि ८५-८६ ला गाडीच्या मूळ हॉर्नच्या दोन वायरी. वायर अडीच चौरस मिलिमीटरची, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूज हॉर्नच्या टोकाला लावून बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर मोकळी सोडलेली मी पाहिली आहे. ती वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर फ्यूज उडत नाही, वायरच पेटते. मूळ वायरिंग कापू नका. कपलरला कपलर जोडणारं हार्नेस मिळतं, ते घ्या.

दुसरी गोष्ट एअरबॅगची. हॉर्नचं बटण स्टिअरिंगच्या ज्या पॅडमध्ये असतं त्याच पॅडखाली ड्रायव्हरची एअरबॅग असते. वेगळं बटण काढून देतो म्हणून कोणी तो पॅड उघडायला निघाला तर गाडी तिथून घेऊन निघा. रिलेच्या पद्धतीत पॅडला हात लावण्याची गरजच पडत नाही.

हॉर्नचं तोंड पुढे आणि किंचित खाली ठेवा म्हणजे पाणी साचत नाही. आणि त्याची चकती बंपरला किंवा रेडिएटरला टेकू देऊ नका, टेकली की चांगला हॉर्नही फाटल्यासारखा वाजतो.

ट्रक आणि ट्रॅव्हल्सवाल्यांसाठी इथेच थोडं लिहितो, कारण सांगली-मिरजेकडच्या बऱ्याच मालवाहू गाड्यांवर मी हे पाहिलं आहे. ब्रेकच्या हवेच्या टाकीतून टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, मारून प्रेशर हॉर्नला पाइप काढलेला असतो. तो हॉर्न नियमबाह्य आहेच. पण माझा जीव अडकतो तो ब्रेकमध्ये. त्या जोडणीतून हवा गळू लागली की टाकीचा दाब हळूहळू उतरतो, आणि खंबाटकी उतरताना ब्रेकला हवा कमी पडणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. शिवाय व्यवसायाच्या गाडीला फिटनेसला यावंच लागतं. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. पासिंगच्या आदल्या दिवशी हॉर्न काढायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचा, ही धावपळ करणाऱ्या मालकांना माझी हात जोडून विनंती आहे की निदान ती टी तरी कायमची काढून टाका.

हॉर्न योग्य बसला तरी तो कुठे वाजवायचा याचे वेगळे नियम आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये २०१० साली ५-अ हा नियम आला. त्यानुसार शांतता क्षेत्रात केव्हाही आणि निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायला बंदी आहे, सार्वजनिक आणीबाणीचा प्रसंग सोडून. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्याआधी १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही निवासी भागात रात्री हॉर्न नको, असं सांगितलं होतं. शांतता क्षेत्रं दवाखाने, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांच्या भोवती घोषित होतात, किमान १०० मीटरच्या टापूत. साताऱ्यात सदर बाजारकडे सिव्हिल आणि जिल्हा न्यायालय दोन्ही आहेत. मिरजेत तर दवाखान्यांची दाटीच आहे. तिथे दिवसाचं मानक ५० डेसिबल आहे, रात्रीचं ४०. शंभर डेसिबलचा हॉर्न तिथे खिडकीखाली वाजतो तेव्हा आत ऑपरेशन होऊन पडलेल्या माणसाचं काय होतं, हे ज्यांच्या घरचं कोणी तिथे ॲडमिट होतं त्यांना विचारा.

घाटाला ही रात्रीची बंदी लागू नाही, कारण तो निवासी भाग नाही. आंधळ्या वळणाआधी एकदा, स्पष्ट हॉर्न देणं हे योग्यच आहे. तिथे तो गरजेपेक्षा जास्त धरला जात नाही. रात्री मात्र डिपर, म्हणजे हेडलाइटची उघडझाप, जास्त काम करतो. वळणापलीकडच्या कड्यावर पडलेला उजेड समोरच्याला आवाजाच्या आधी दिसतो. उसाच्या हंगामात तर हे अगदी लक्षात ठेवा. दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात गाणी चालू असतात, त्या ड्रायव्हरला तुमचा कोणताच हॉर्न ऐकू जात नाही. त्याच्यामागे हॉर्न दाबत बसण्यापेक्षा डिपर द्या आणि त्याने आरशात तुम्हाला पाहिलं याची खात्री झाल्याशिवाय ओव्हरटेक करू नका.

इन्शुरन्सचं थोडक्यात. अपघातात तिसऱ्या माणसाला इजा झाली तर केवळ हॉर्न बाहेरचा होता म्हणून विमा कंपनीला भरपाईतून अंग काढून घेता येत नाही. कलम १५० मध्ये कंपनीला जे बचाव दिले आहेत त्यात हॉर्न नाही. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं मात्र तसं नाही. इंजिनच्या भागात आग लागली आणि सर्व्हेअरला बॅटरीवरून विनाफ्यूज काढलेली, टेप गुंडाळलेली वायर दिसली, तर क्लेमवर प्रश्न येणारच. वॉरंटीतल्या गाडीलाही हेच. म्हणून हॉर्नचं बिल आणि वायरिंग करणाऱ्याची पावती दोन्ही जपून ठेवा. कोणी काम केलं आणि काय माल वापरला याचा तेवढाच पुरावा तुमच्या हातात राहतो.

आणि समजा, सगळं नियमात असूनही चलन झालं, तर घाबरून लगेच भरून टाकू नका. अधिकाऱ्याशी रस्त्यावर वाद घालण्यातही अर्थ नाही. बॉनेट उघडून हॉर्न आणि त्यावरचा छाप दाखवा, सलग वाजवून दाखवा, आणि तरी चलन झालं तर त्यावरचं कलम, वेळ आणि ठिकाण टिपून घ्या. ई-चलनावर महाट्रॅफिक ॲपवरून तक्रार करता येते. तिथे हॉर्नचा फोटो, बिल आणि पाच सेकंद सलग वाजवलेला व्हिडिओ जोडा. तिथे निकाल लागला नाही तर प्रकरण न्यायालयापुढे नेण्याचा हक्क तुम्हाला आहे. लोक अदालतीतही अशी चलनं निघतात, पण तिथे तडजोड होते, म्हणजे काहीतरी रक्कम भरून मोकळं व्हायचं. तुमचा हॉर्न खरोखर नियमात असेल तर तडजोडीला जाऊ नका, न्यायालयातच म्हणणं मांडा. १९०(२) लागलं असेल तर वकील गाठूनच जा, कारण तिथे लायसन्सचाही प्रश्न असतो.